सोमीबाईची गाठ

सोमीबाई मीठसुद्धा हुंगून घ्यायची. मिठाला वास नसतो हे दुकानदारानं तिला कितीदा तरी सांगून पाहिलं. "म्हनीसनच हुंगस," ती म्हणायची, "वास उना म्हनजे समजी जासू, मीठ नही." बाजाराला जाताना ती घरचा एक गुळगुळीत दगड पदराला बांधून न्यायची आणि वाण्याच्या मापाशी ताडून पाहायची. तेलाच्या बाटलीत बोट, दुधाच्या लोट्यात बोट. नदीवर बाप्तिस्मा घेतला तेव्हाही तिनं आधी ओंजळभर पाणी नाकाशी नेलं होतं, असं वस्तीतली माणसं हसून सांगत. प्रार्थनेत कुसळ आणि मुसळाचा धडा वाचला की सोमीबाई शेजारच्या रूपीबाईकडे पाहायची.

हा स्वभाव तिला रेल्वेच्या लाइननं दिला होता. नवापूरकडच्या डोंगराच्या पायथ्याला पहिल्यांदा रुळांचा भराव पडत होता तेव्हा सोमी लहान होती. पोर पुरल्याशिवाय पूल उभा राहत नाही, अशी आवई तेव्हा घरोघर उठलेली. टोपीवाला साहेब दुर्बीण घेऊन दिसला की आई तिला कणगीत उतरवायची आणि वरून सूप झाकायची. पुलाखाली कुणाचंच पोर गेलं नाही. पण सोमीनं पहिली आगगाडी पाहिली ती कणगीच्या भोकातून, आणि पुढं उभं आयुष्य ती जगाकडे तशीच पाहत राहिली.

तिचं लग्न अब्राहामशी झालं. त्याची वस्ती लाइनच्या वरच्या अंगाला होती, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला भराव, मध्ये नाला. घरची त्यांची बोली निराळी, पण स्टेशन लगत, रोज बाजाराच्या माणसांशी गाठ, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडात अहिराणी बसलेली. शेत थोडं, मजुरी जास्त. पावसाळ्यात मात्र नाल्याचा आधार मोठा. पाऊस लागला की नाल्याला मासे चढत आणि वस्तीतलं प्रत्येक घर आपापल्या ठरल्या जागी दगडांचा बुटका बांध घाली. दगडांत फांद्या कोंबायच्या, मध्ये एक फट ठेवायची आणि फटीत बांबूचा पिंजरा बसवायचा. जागा बापाकडून लेकाकडे यायची. दुसऱ्याच्या बांधाचा दगड हलवणं म्हणजे त्याच्या चुलीत पाणी ओतणं, असा तिथला कायदा.

बांध काढायचा मात्र कायदाच नव्हता. मोठा पूर आला की तो दगड, फांद्या सगळं उचलून न्यायचा, नाला मोकळा. बांध घालायचा माणसानं आणि मोडायचा पुरानं, हे आजा-पणजापासून चालत आलेलं. आपला बांध आपल्या हातानं उपसणारा माणूस त्या वस्तीनं पाहिलेला नव्हता.

अब्राहाम तापानं गेला तेव्हा गंगी रांगत होती. त्याची नाल्यावरची जागा सोमीबाईकडे आली. पिंजरा ती स्वतः बांधायची. बापानं शिकवलेली एक गाठ तिच्या हातात होती, उलट्या पिळाची, दुपदरी. पाणी लागलं की आणखी आवळणारी. वस्तीत दुसऱ्या कुणाला ती जमत नसे आणि सोमीबाई कुणाला शिकवतही नसे. शिकवली तर उद्या सोडतीलही, एवढाच तिचा हिशेब.

मग लढाई पेटली. तिकडे कुठं तरी विलायतेच्या मुलखात तोफा धडाडत होत्या आणि इकडे डोंगरातला साग वखारीत येऊन पडत होता. स्टेशन फुगलं. लाकडाच्या गाड्या भरायला लाइनला फाटा हवा झाला, फाट्याला जागा हवी झाली, म्हणून जुन्या भरावाला लागून नवा भराव टाकला. भराव रुंदावला तशी त्याखालची नाल्याची मोरीही लांबवली. तोंड तेवढंच, पोट मात्र लांबलचक. पूर्वी वाकून पाहिलं की पलीकडचा उजेड दिसायचा, आता नुसता अंधार. लाइनचा मुकादम करणसिंग म्हणाला, "मोरी तीच शे. फक्त लांब करी. कसाले भ्यातस?"

या बाईला चंद्राचाही संशय यायचा, पण मोरीचा आला नाही. कारण नव्या मोरीचं तोंड नेमकं अब्राहामच्या जागेवर आलं होतं. सगळ्या नाल्याचा मासा आता तिच्या दारातून जाणार! मोरीला गाळे दोन. एक तिनं दगड-फांद्यांनी ठासून बुजवला, दुसरा निम्मा बुजवून उरलेल्या फटीत पिंजरा बसवला. पहिल्याच आठवड्यात घरात माशांचा असा वास सुटला की रूपीबाईनं नाकाला पदर लावला. सोमीबाईला फार बरं वाटलं.

त्या वर्षी तिच्या घरी याकूब होता. डोंगरातल्या गरीब घरचा पोरगा, गंगीसाठी राबायला राहिलेला. त्यांच्यात देज, म्हणजे मुलीच्या घरच्यांना द्यायचं मोल, द्यायची ऐपत नसली की मुलगा मुलीच्या घरी काही वर्षं कष्ट करतो आणि मग लग्न लागतं. याकूबचा हा तिसरा पावसाळा, शेवटचा. दाणे घरात आले की लग्न, असं ठरलेलं. पोरगा कामाला वाघ, खायला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. याचाच सोमीबाईला संशय. एवढा गुणी माणूस जगात असतो कुठं? काहीतरी खोट असणार, फक्त सापडत नाही!

त्यातून होणाऱ्या जावयानं सासूच्या तोंडाला तोंड द्यायचं नाही, ही रीत. नजर खाली, आणि सांगायचंच असेल तर दुसऱ्या कुणाला उद्देशून. याकूबनं त्यासाठी घरचा बैल धरला होता. लाख्या त्याचं नाव. "लाख्या, मीठ सरनं," असं तो गोठ्यात मोठ्यानं म्हणायचा. सोमीबाई चुलीपासून उत्तर द्यायची, "लाख्या, परवा तं आनं व्हतं!" लाख्या दोघांचं ऐकून रवंथ करत राहायचा. तीन वर्षं त्या घराचा कारभार या मुक्या जनावराच्या कानातून चालला.

आषाढात एक दिवस याकूब बैलाला म्हणाला, "लाख्या, मोरीमान दगड अडकी ऱ्हायनात. पानी साचस. दगड काढाले पाहिजेत."

"लाख्या," सोमीबाई म्हणाली, "आपली जागा आपले माहीत शे. परकास्नी नाक खुपसू नही."

याकूबनं लाख्यापुढं वैरण टाकली. पण त्यानंतर पिंजरा हलका येऊ लागला. कधी चार मासे, कधी नुसता पाला. आणि याकूब मात्र तिन्हीसांजेला कमरेपर्यंत भिजून घरी यायचा. सोमीबाईच्या डोक्यात चक्र फिरू लागलं. एके सकाळी रूपीबाईच्या अंगणात तिला माशांचे खवले दिसले. रूपीबाईला लग्नाची एक लेक होती. संपलं! सोमीबाईला सगळं लख्ख दिसलं, न घडलेलं जास्तच लख्ख.

"माय, रूपीकाकूना बी बांध शे नाल्यावर," गंगी म्हणाली. "तिना घर मासा नही येवाव का?"

"तू गप ऱ्हाय. तुले काय समजस?"

सोमीबाई डोळ्यात तेल घालून टपली. करवंदीच्या जाळीआड बसून तिनं पाहिलं: याकूब मोरीच्या तोंडात उतरला, बुजवलेल्या गाळ्यातला एक दगड उपसून त्यानं काठावर फेकला, मग दुसरा. पाण्याबरोबर मासे सुळकन निसटून गेले. तिनं बोंब ठोकली ती वखारीपर्यंत ऐकू गेली. लाकडं चढवणारी माणसं धावली, करणसिंग धावला, वस्ती लोटली. मोरीच्या तोंडात हातात दगड घेतलेला याकूब सगळ्यांनी पाहिला. हे पुढं महागात पडायचं होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर वस्तीतला जुना जाणता माणूस उखा पंचांना घेऊन बसला. "दुसराना बांधले हात लावा, खरं का?" त्यानं विचारलं. याकूब म्हणाला, "लावा. मोरीमान दगड वाही जात नहीत. वखारन्या साली, लाकडं, समदं तठे अडकस. मोठं पानी उनं तं वस्तीमान घुसी."

उखा हसला. पंच हसले. "अरे पोऱ्या, पूर बांध लई जास. दरसाल लई जास. तुन्हा आजाले पूस." हसणारी माणसं वाईट नव्हती. त्यांनी उघडा नाला पाहिला होता, लांब मोरीत कोंडलेला नाला कधी पाहिलाच नव्हता. आणि मासे रूपीबाईकडे जात नव्हते असं छातीठोक सांगायला सोमीबाईनं कुणाला तोंडच उघडू दिलं नाही. "मन्हा डोयास्नी दखं!" एवढं एकच वाक्य तिनं पुन्हा पुन्हा म्हटलं. तिसरा पावसाळा अर्धा उरला असताना पंचांनी याकूबची सेवा मोडली आणि ठरलेलं लग्नही. गंगी कुडाला टेकून उभी होती. ती रडली नाही, पण त्या दिवसापासून तिनं आईच्या हातचं पाणी घेणं सोडलं.

निघताना याकूब गोठ्यात गेला. लाख्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याचं दावं सोडून पुन्हा बांधलं, एका ओढीत सुटेल अशा सरकगाठीनं. "लाख्या," तो म्हणाला, "पानी उनं तं भराववर चढी जा. गंगीले बी लई जा."

तो वाटेला लागताच सोमीबाई दावं पाहायला आली. सरकगाठ! म्हणजे रात्री येऊन गुपचूप बैल न्यायचा बेत. चोराच्या वाटा तिला कळत होत्या म्हणायच्या! तिनं ती गाठ सोडली आणि आपली उलट्या पिळाची दुपदरी गाठ मारली. वर एकदा ओढून पाहिली. मग मोरीवर जाऊन उपसलेले दगड पुन्हा जागच्या जागी बसवले, आणि फांद्या कोंबल्या पहिल्यापेक्षा जास्त.

श्रावण आला. साल बेचाळीसचं. कुठं तारा तोडल्या, कुठं रूळ उखडले, अशा बातम्या गाडीतून उतरत होत्या. लाइनच्या कडेनं जाणारा प्रत्येक माणूस पोलिसाला चोर दिसू लागला. सोमीबाई म्हणाली, सरकारला आत्ता कुठं शहाणपण आलं.

आणि एका दुपारी डोंगरात ढग फुटला. वस्तीवर धड पाऊसही नव्हता. जेवणं चालली होती. नाल्याचा आवाज वाढला आणि मग एकदम थांबला. हेच कुणाला कळलं नाही, की पूर आल्यावर आवाज थांबतो कसा. पाणी मोरीशी अडलं होतं आणि मागं फिरलं होतं. ते लोंढ्यानं नाही, चोरासारखं आलं. आधी उंबऱ्याखालून, मग चुलीत, मग कणगीत. वखारीच्या साली, फळ्यांचे तुकडे, कोंबड्या, पाट्या सगळं गरगरत वर चढू लागलं. उखा ओरडला, "भराववर चढा!" जिनं पाणी अडवलं त्याच लाइनवर जीव वाचवायला सगळी वस्ती चढली.

गंगी वळली ती गोठ्याकडे. पाणी छातीशी. लाख्या मान वर करून हंबरत होता. तिनं दाव्याला हात घातला, ओढलं, दातांनी धरलं. गाठ भिजली होती आणि भिजल्यावर ती गाठ काय करते हे सोमीबाईला चांगलं माहीत होतं. तिनं लेकीला केसाला धरून ओढून नेलं. मागं वळून पाहिलं नाही. हंबरणं ऐकू येत होतं तोवर दोघी भरावाच्या दगडांवर हात टेकून बसल्या होत्या. मग ते ऐकू यायचं थांबलं.

देवाची कृपा, माणूस एकही गेलं नाही. पण कुडाची घरं बसली, दाणे कुजले. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर करणसिंगानं माणसं लावून मोरी उपसायला घेतली. बातमी ऐकून याकूबही डोंगरातून धावत आला होता. कुणाला काही न विचारता तो चिखलात उतरला. साली निघाल्या, फांद्या निघाल्या आणि मग निघाले दगड, ठासून बसवलेले. तेवढ्यात नवापूरहून फौजदार आला.

"हे पाण्यानं आणलेले दगड नाहीत," तो म्हणाला. "कुणीतरी मुद्दाम रचलेत. भराव खचून गाडी पडावी म्हणून. मोरीपाशी कुणाला पाहिलं होतं?"

सगळ्यांचे डोळे याकूबकडे गेले. वखारीतल्या माणसांनी पाहिलं होतं, करणसिंगानं पाहिलं होतं. वर राग धरून गेलेला. शिपायानं त्याच्या दंडाला धरलं. त्या दिवसांत अशा गुन्ह्याला काय होतं हे वस्तीला ठाऊक होतं. गेलेला माणूस परत येईलच असं नव्हतं.

तेवढ्यात गाळातून पिंजरा बाहेर आला. चेपलेला, पण बांधणी शाबूत. सोमीबाईनं तो पाहिला आणि तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की कुणीतरी मुद्दाम आणून टाकला. सवय वाईट! मग तिला आपली गाठ दिसली. दगडही ओळखू आले. त्यातला एक तर तिनं स्वतःच्या अंगणातून नेलेला. पुरानं काही म्हणजे काही नेलं नव्हतं.

"हा कुणाचा?" फौजदारानं याकूबपुढं पिंजरा धरला.

त्या पिंजऱ्याचे बांबू याकूबनंच तोडून आणले होते. त्यानं पिंजऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "माले माहीत नही," तो म्हणाला.

याकूबला एकदा तरी खोटं बोलताना पकडायचं म्हणून सोमीबाई तीन पावसाळे टपली होती. आज तो तिच्यासमोर, दिवसाढवळ्या, सपशेल खोटं बोलला, आणि तिच्यासाठी बोलला.  शिपाई त्याला घेऊन चालू लागला. गंगीनं आईकडे पाहिलं. 

"थांबा!" सोमीबाई ओरडली. "ते दगड मन्हा शेतस. पिंजरा मन्हा. मासासाठे मी बांध घाला व्हता. तो तं काढी ऱ्हायन्ता."

फौजदार हसला. "जावयाला वाचवतेस होय, म्हातारे? एवढी मोरी तू बुजवलीस? असल्या थापा रोज ऐकतो मी."

जन्मभर जिनं कुणाचं खरं मानलं नाही, तिचं खरं आता कुणी मानेना. तिनं उखाकडे पाहिलं. उखा मान खाली घालून उभा होता. बांध त्याचेही होते. सोमीबाई तशीच वळली, चिखल तुडवत गोठ्याकडे गेली. लाख्या खुंट्याशीच पडला होता, फुगलेला, मान दाव्यानं ताणलेली. तिनं कोयत्यानं दावं दोन्हीकडून कापलं आणि गाठीसकट तो तुकडा मुठीत धरून परत आली.

"ही पिंजरानी गाठ दखा," ती म्हणाली. "आते ही दखा. मन्हा बैल मरी गया ना, त्याना दावानी. याकूब त्याले सरकगाठ बांधी गयथा. मी ती सोडी नि ही मारी. आख्खी वस्तीमान ही गाठ कोनले येत नही. इचारा. नहीतं सोडी दखाडा."

फौजदारानं शिपायाला सांगितलं. शिपायानं नखं लावून पाहिलं, दात लावून पाहिलं. करणसिंगानं दोन्ही गाठी उलटसुलट केल्या. "एकच हात शे, साहेब," तो हळूच म्हणाला. मग उखाही पुढं आला आणि म्हणाला, "जागा तिनीच शे. अब्राहामपासून."

याकूबचा दंड सुटला. म्हातारीला बेडी घालून नवापुरात मिरवण्यात फौजदाराला काही शोभा दिसली नाही. तो तिला वाटेल ते बोलला, मोरीत पुन्हा बांध दिसला तर सगळ्या वस्तीला आत घालीन म्हणाला. सोमीबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दगड मन्हा, कबूल. पन साहेब, भराव एवढा रुंद करा तं मोरीनं तोंड रुंद काबर नही करं?" फौजदारानं घोड्याला टाच मारली. ते लाइनवाल्यांना कुणी विचारलं नाही, आणि मोरीचं तोंड आहे तेवढंच राहिलं.

संध्याकाळी रूपीबाईनं आपल्या ओल्या पिठातल्या भाकरी आणून दिल्या. सोमीबाईनं त्या हुंगल्या नाहीत. भरावावर फाट्याच्या कडेला तीन दगड मांडून चूल केली होती, गंगी जाळ घालत होती. याकूब लांब उभा होता, नजर खाली. लाख्याला त्यानं एकट्यानं खड्डा खणून पुरलं होतं आणि गोठ्यातला खुंटा उपटून आणून चुलीपाशी टाकला होता, जळणाला.

सोमीबाईला काहीतरी सांगायचं होतं आणि ज्याच्या कानात सांगायचं तो कान आता नव्हता. तिनं खुंटा उचलला, समोर उभा धरला. "खुंटा," ती म्हणाली, "त्याले सांग..."

 खुंट्याला दाव्याचा घासलेला खळगा पडला होता, त्यावरून तिचा अंगठा फिरत राहिला. मग तिनं तो खाली ठेवला, पदर सावरला आणि रीत मोडून सरळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"याकूब," ती म्हणाली, "जेवाले बस. मी चुकनी."